सखानाना बावटेवाले

आमच्या घराला छप्पर होतं, असं आपलं म्हणायचं. पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याला आमची वाडी. वडील मुंबईला गोदीत ओझी उचलायचे. तिथे कंबर धरली ती धरलीच, आणि ते घरी परत आले ते ओट्यावर बसायला. डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी पिकायची. ती होळीपर्यंत पुरली तर आई देवीला नारळ फोडायची. म्हणजे फोडीन असं म्हणायची. नारळ आणायचा कुठून? मग सरकारने रस्ता रुंद करायला घेतला, वाडीच्या डोक्यावरच्या डोंगरात दगडाची खाण निघाली आणि आई नि माझी थोरली बहीण गोणपाटाच्या सावलीत बसून खडी फोडायला लागल्या. मी वाडीतला पहिला मॅट्रिक आणि पुढे पहिला बी.ए. झालो तो या खडीवर. हे मी लपवत नाही. कोणी विचारलं नाही तरी सांगतो.

खाणीने पोटाला दिलं आणि छप्पर घेतलं. सुरुंग उडाला की नारळाएवढे, कधी भोपळ्याएवढे धोंडे हवेतून थेट वाडीवर यायचे. कौलं फुटायची. नवी घालावीत तर सुरुंगाचा पुढचा बार उडाला की पुन्हा फुटायची, म्हणून लोकांनी घालायचं सोडून दिलं. पावसाळ्यात गळतीखाली इतकी भांडी मांडावी लागत की जेवायला थाळा उरत नसे. एकाच्या दारचा बैल दगड लागून लंगडा झाला. दुसऱ्याचा रांजण फुटला, तो तर बैलवाल्यापेक्षा जास्त रडला.

आणि अशा वेळी आमची माणसं काय करायची? खाणीवर इशाऱ्याची शिट्टी झाली की धावत घरात शिरायची आणि दार लावून घ्यायची. वाघ आला, शिरा घरात. वळीव आला, शिरा घरात. तलाठी आला, शिरा घरात. पिढ्यान् पिढ्या प्रत्येक संकटावर आमच्याकडे हा एकच उपाय होता आणि तो लागूही पडत होता. सुरुंगालाही तोच केला. कौल म्हणजे भाजलेली माती, वरून धोंडा आला तर धोंड्याबरोबर कौलं आणि लाकडी रिपासुद्धा आपल्याच टाळक्यात पडणार, हा विचार कोणाला शिवला नाही. आमच्या घरालाही नाही. घर म्हणजे घर.

या घरांतून माणसं बाहेर काढणारा माणूस म्हणजे सखारामनाना. सगळे सखानाना म्हणत.

नाना काही भला माणूस नव्हता. तसं लिहिलं तर वाडीतले हसतील. उंच, किडकिडीत, कान इतके मोठे की टोपी त्यांच्यावरच टेकलेली असायची. शेजाऱ्याच्या शेतातलं पाणी स्वतःच्या शेतात वळवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पत्त्यांत खोटं खेळायचे, पकडलं तर पकडणाऱ्यालाच शिव्या घालायचे. बांधावरून भावकीतल्या प्रत्येक घराशी भांडण झालेलं, आणि ज्याच्याशी भांडण नव्हतं तो म्हणायचा, नानांचा आपल्यावर काही राग आहे का?

एक दिवस येसूकाकी, म्हणजे नानांची बायको, अंगणात वरी वाळत घालत होती. खाणीवर शिट्टी झाली. नाना शेताच्या बांधावर होते, तिथून ओरडले, "आत जा गो, दार लाव." काकी आत गेली. तिने दार लावलं. धोंडा छपरातून आला आणि तिच्या कमरेवर बसला. अंगणात पसरलेल्या वरीवर एक खडाही पडला नव्हता.

महाडच्या दवाखान्यात हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काकीचं चालणं संपलं. ती बसल्या बसल्या सरकत घरातलं सगळं करायची, चूल पेटवण्यापासून नवऱ्याचा उद्धार करण्यापर्यंत. नाना त्यानंतर कितीतरी दिवस कोणाशी भांडले नाहीत. वाडीला काळजी वाटायला लागली. पाणीसुद्धा ज्याचं त्याच्या शेतात जायला लागलं. मग एका सकाळी ते उठून खाणीवर गेले आणि ओव्हरसियरसमोर उभे राहिले. बार उडायच्या आधी तांबडा बावटा दाखवून माणसं आणि गाड्या थांबवायला खाणीवर एक माणूस ठेवलेला असायचा.

"तुमचा बावटेवाला झोपतो," नाना म्हणाले. "बावटा मला द्या."

"तुमचं वय काय?" ओव्हरसियरने विचारलं.

"झोप न येन्याइतकं झालंय."

बावटा मिळाला. खाणीचा बावटा धुऊन धुऊन गुलाबी पडला होता. "ह्यो बावटा हाय का कुनाचा लंगोट?" असं म्हणून नानांनी काकीचं एक तांबडंभडक लुगडं फाडलं आणि वेताच्या काठीला बांधलं. निवडणुकीचे दिवस होते. एका हवालदाराने त्यांना रस्त्यात अडवून विचारलं, कुठल्या पक्षाचे? नाना म्हणाले, "दगडाच्या इरुद्ध पक्षाचा." हवालदाराने असा पक्ष ऐकला नव्हता, पण त्याने मान डोलावली.

वाडीच्या खाली, वळणाआड, नव्या रस्त्याखालून पाणी जायला बांधलेली मोरी होती. दगडी बांधकाम, वर मातीचा जाड भराव, पावसाळा सोडला तर कोरडी. नानांनी ठरवलं की शिट्टीच्या आधी अख्खी वाडी या मोरीत. ठरवलं म्हणजे कोणाला विचारलं नाही. बाराच्या दिवशी ते घरोघर फिरायचे, दारावर काठी आपटायचे आणि ज्या भाषेत बोलायचे ती मला बी.ए.ला नव्हती. लोक ऐकेनात. घर सोडून मोरीत बसायचं म्हणजे काय, आपण काय बेडूक आहोत?

बायजामावशी चुलीपुढून उठायला तयार नव्हती. "भाकरी तव्यावर हाय," ती म्हणाली.

"मग भाकरी घरात राहू दे, तू चल."

"करपली म्हंजे?"

"तू करपन्यापरीस बरी," असं म्हणून नानांनी तवा भाकरीसकट उचलला आणि चालू लागले. मावशी तव्यामागून शिव्या देत मोरीपर्यंत गेली. तिथे पोचल्यावर तिला कळलं की आपण घराबाहेर आलो.

एका घरी सत्यनारायण चालला होता. महाडहून भटजी आले होते, कथेचा मधला अध्याय होता. दारात नाना बावटा घेऊन उभे. भटजी म्हणाले, "पूजा अर्धवट सोडता येत नाही. देवाचा कोप होईल."

"देवाला बी घ्या संगती," नाना म्हणाले. "त्याचं बी टाळकं हायच की."

चौरंग, कलश, केळीचे खांब, प्रसादाचं पातेलं, सगळी मिरवणूक उतारावरून खाली गेली आणि उरलेले अध्याय मोरीत झाले. भटजी नंतर म्हणाले की इतक्या लक्षपूर्वक कथा ऐकणारी मंडळी त्यांना कधी मिळाली नव्हती. ऐकणार नाहीत तर जाणार कुठे?

त्या मोरीत मी सुट्टीत आलो की बसायचो, आणि जे पाहिलं ते कॉलेजात कुणी सांगितलं नसतं. वाडीत पाणवठे दोन होते, मोरी एकच होती. एरवी जी माणसं एकमेकांची सावलीसुद्धा अंगावर पडू द्यायची नाहीत ती तिथे गुडघ्याला गुडघा लावून बसायची, कारण सरकायला जागाच नव्हती. वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्याने पहिल्यांदा कुरकुर केली. नाना म्हणाले, "तुमी भायेर बसा की आबा, भायेर लई मोकळं हाय." आबा आत सरकले. पुढे त्यांच्या तंबाखूची डबी खालच्या आळीतसुद्धा फिरायला लागली. मोरीबाहेर आल्यावर ते ओळख दाखवायचे नाहीत, ते सोडा.

सगळ्यांत आधी मोरीत यायची ती येसूकाकी. नाना तिला पाठुंगळीला घेऊन यायचे. त्या काळी नवऱ्याने बायकोशी चारचौघांत धड बोलायची चोरी, आणि हा माणूस तिला दिवसाढवळ्या पाठीवर घेऊन अख्ख्या वाडीतून चालायचा. पोरंटोरं नाही, बापये शिट्ट्या घालायचे.

"नाना, लग्नात बी येवढी उचलली नसंल."

"तवा हलकी हुती," नाना म्हणायचे. "मजा नव्हती."

काकी पाठीवरून त्यांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. "मला आत घातलान, आनि आता गावाला भायेर काढतोय. ही अक्कल आदी आली असती तर आज मी चालत आली असती. रस्ता बघा, खड्डा हाय."

एवढं सगळ्या जगाला उलटं बोलणारे नाना, पण हे बोलणंही पाठीवर घेऊन चालायचे. ते खड्डा चुकवायचे.

रस्त्यावरची वाहनं थांबवणं हेही त्यांचंच काम, आणि त्यात त्यांना विशेष गोडी होती. एस.टी. थांबवली, लग्नाची वऱ्हाडं थांबवली, एकदा तर मयत थांबवलं. तिरडी मोरीत घेतली. खांदेकरी म्हणाले, "नाना, ह्याला आता काय व्हनार हाय?" नाना म्हणाले, "त्याला नाय, तुमाला. मंग त्याला कोन उचलंल?"

एकदा एका मोठ्या साहेबाची जीप आली. शिपाई खाली उतरून नानांवर ओरडला. मग साहेब स्वतः उतरले. "मी कोण आहे, माहीत आहे का?"

"मला सांगितलंव तर मला कळंल," नाना म्हणाले. "वरनं येनाऱ्या दगडाला कोन सांगनार?"

साहेबांना मोरीत बसावं लागलं. काकीच्या शेजारी जागा मिळाली. काकीने त्यांना खलबत्ता दिला आणि सांगितलं की सुपारी जरा बारीक कुटा, दात गेलेत. साहेबांनी कुटली. आता गोष्टीच्या हिशोबाने या वेळी जीप उभी होती तिथेच एक प्रचंड धोंडा पडायला हवा होता. तसं काही झालं नाही. बार उडाला, डोंगरात गडगडलं, रस्त्यावर एक खडासुद्धा आला नाही. साहेब धूळ झटकत बाहेर आले आणि चिडून म्हणाले, "काय झालं? काहीच नाही."

"काय झालं नाय, म्हनजेच झालं," नाना म्हणाले आणि बावटा गुंडाळला.

वाडीतले लोकही हेच म्हणून त्यांची टिंगल करायचे. मोरीत बसून बसून पाठ धरली, आणि झालं तर काहीच नाही. आज येतो म्हणणारा दगड आलाच नाही. नानांना या टिंगलीचं काही वाटायचं नाही. ते म्हणायचे, जिथे कोणी रडत नाही तिथे हसायला जागा होते.

पण माणसं मोरीत गेली तरी घरं काही मोरीत जात नव्हती. कौलं फुटतच होती. तेव्हा नानांनी हसनमियांचं डोकं खायला सुरुवात केली. हसनमिया महाडचे, खाणीवर सुरुंग भरायचं आणि वात लावायचं काम त्यांचं. ते शांत, स्वच्छ लेंगा घालणारे गृहस्थ. सुरुंगाच्या जवळ राहूनही त्यांची दहाच्या दहा बोटं शाबूत होती आणि हीच आपली सनद, असं ते बोटं दाखवून सांगत. ते म्हणाले, "दारू बेतानं भरायची, भोकात चिकनमाती घट्ट ठासायची, आनि वर लाकडाचे भारे नि मातीची पोती घालून तारेनं बांधायचं. दगड फुटतो, पन उडत नाय. जागच्या जागी बसतो. पन भारे बांदायला बाया कोन देनार? ओव्हरसियर म्हनतो, वेळ जातो."

बाया नानांनी दिल्या. माझी बहीण त्यांची पुढारी झाली. कारवीचे, ऐनाच्या फांद्यांचे भारे बांधून खडीच्या ढिगामागे रचून ठेवायचे. ओव्हरसियरने आधी हरकत घेतली, तेव्हा मी सुट्टीत घरी आलेला होतो. नानांनी मला हाताला धरून त्याच्यासमोर उभं केलं. "ह्यो आमचा बी.ए. हाय. विंग्रजीत लिवतो. थेट मुंबईला लिवील." मी तेव्हा अजून कॉलेजात, इंटरला होतो, पण नाना मला मॅट्रिक झाल्यापासूनच बी.ए. म्हणत. मी छाती काढून उभा राहिलो. ओव्हरसियर भारे घाला म्हणाला.

असं दोन-तीन हंगाम चाललं. छपरं जरा सांधली गेली. मग एका मे महिन्यात खाणीचा ठेकेदार, ज्याला सगळे शेठ म्हणत, मुंबईहून स्वतः मोटारीने आला. पावसाच्या आत काम उरकायचं होतं. डोंगराचं वाडीकडे झुकलेलं कपाळ एकाच मोठ्या बारात पाडायचं ठरलं. भोकं तयार होती, हसनमियांनी दारू भरली होती, माती ठासली होती. भारे घालायचे बाकी होते आणि ते घालायला दुपार गेली असती. शेठला दुपार नको होती. त्याला बार बघून जेवायला महाडला परत जायचं होतं.

नाना बावटा घेऊन समोर गेले. मी आणि खडीवरच्या बाया जवळच होतो, म्हणून सगळं ऐकू आलं.

"भाऱ्याबिगर बार उडवलाव तर अख्खी वाडी खाली येतेय," नाना म्हणाले.

"एक बार तर आहे," शेठ म्हणाला.

"मोरीत न्यायला तरी वेळ द्या. म्हातारी मानसं हायत."

शेठने घड्याळ बघितलं. तो काही दुष्ट माणूस नव्हता, त्याला भूक लागली होती. "ते मोरीचं राहू दे आज. घरात बसा म्हणावं सगळ्यांना. दारं लावून."

 नानांनी पाठ फिरवली. ते उतारावरून वाडीत गेले. ओव्हरसियर म्हणाला, "गेला म्हातारा. समजावलं की ऐकतो." हसनमिया खाली बसून काड्यापेटी या हातातून त्या हातात करत होते.

थोड्या वेळाने नाना परत वर येताना दिसले. पाठीवर येसूकाकी. उन्हाचा तडाखा, चढ उभा, आणि नानांचा श्वास आम्हाला लांबूनच ऐकू येत होता. काकीचा आवाजही.

"वाट चुकलाव काय? मोरी खाली हाय."

"गप बस गो. आज वर."

"वर म्हंजे किती वर? मला जित्तीच सोर्गात नेताव काय?"

नाना थेट त्या भरलेल्या भोकांपाशी गेले. हसनमिया धडपडत उठले. वाती भोकांतून बाहेर आलेल्या होत्या. नानांनी अंगावरचं पटकूर दोन वातींच्या मध्ये अंथरलं आणि काकीला त्यावर बसवलं. मग स्वतः तिच्या शेजारी धापा टाकत बसले.

"हे काय चाललंय?" शेठ लांबून ओरडला. जवळ यायला तो तयार नव्हता.

नानांनी काकीकडे हात केला. "ही घरातच बसली हुती, शेठ. दार लावून. मीच सांगितलं हुतं. इचारा तिला."

काकीने आजूबाजूला बघितलं. वाती बघितल्या, शेठची मोटार बघितली, खाली दिसणारी वाडीची छपरं बघितली. एवढ्या उंचीवरून तिने आपलं घर कधी पाहिलं नसावं. मग नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही त्यांना नेहमीसारखी सोलून काढते. ती म्हणाली, "शेठ, मला परत घरात बसवनार असशील तर मी हितंच बरी. हितं वारा तरी हाय." आणि कनवटीची तंबाखूची पुडी सोडून नानांपुढे धरली.

हसनमियांनी काड्यापेटी खिशात घातली, लेंगा सावरला आणि नानांच्या पलीकडे जाऊन बसले. "माजं काम वात लावायचं," ते म्हणाले, "आनि बावटा दिसल्याबिगर मी वात लावत नाय."

ओव्हरसियर आमच्याकडे वळला, बहुधा आम्हाला काहीतरी हुकूम करायला. तोवर माझ्या बहिणीने पहिला भारा डोक्यावर घेतला होता. तिच्यामागे आई. मग सगळ्या बाया. डोंगर चढताना बांगड्यांचा जो आवाज होतो तेवढा झाला. मीही एक भारा उचलला. विंग्रजीत लिहिण्यापेक्षा तो जड होता.

शेठ मोटारीत जाऊन बसला आणि दुपारभर तिथेच बसला. तंबाखू त्याला कोणी विचारली नाही. भारे बांधून, पोती रचून, तारा आवळून झाल्यावर नाना काकीला घेऊन मोरीत गेले आणि त्यांच्यामागून वाडी गेली. शेवटी शेठही आला. मोरीत त्याच्या बुटांवर बायजामावशी बसली.

बार उडाला तो धान्याचं भलंमोठं पोतं माळ्यावरून पडावं तसा. दबका. पायाखालची जमीन हलली, मोरीच्या सांध्यांतून थोडी माती गळली, बस्स. बाहेर आलो तेव्हा डोंगराचं कपाळ खाणीच्या पोटात बसलं होतं, भाऱ्यांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि वाडीची कौलं उन्हात जशीच्या तशी होती.

"झाला काय?" काकीने विचारलं.

"झाला."

"येवढ्यासाठी मला वर नेलंव व्हय?"

त्या दिवसापासून भाऱ्याशिवाय आणि नानांच्या बावट्याशिवाय खाणीवर वात लागली नाही. शेठने नानांना काढायचा विचार केला असणार, पण मग त्याला हसनमियाही काढावे लागले असते, आणि दहा बोटांचा सुरुंगवाला असा पडलेला सापडत नाही. नाना पूर्वीसारखे भांडायला लागले. पाणी पुन्हा त्यांच्या शेतात वळायला लागलं.

मी बी.ए. झालो, मुंबईला नोकरी लागली. नवी पँट, इस्त्रीचा शर्ट असा गावाकडे पहिल्यांदा येत होतो. वाडीच्या अलीकडच्या वळणावर एस.टी. थांबली. कंडक्टर म्हणाला, "उतरा, सुरुंग हाय. म्हातारा सोडनार नाय." रस्त्याच्या मधोमध नाना उभे होते, जास्त वाकलेले, कान तेवढेच. मला वाटलं मला बघून हसतील, विचारपूस करतील, चार लोकांना सांगतील की हा आमचा. त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"नाना, मी," मी म्हणालो. "झालो बी.ए."

"मी कवाच सांगत हुतो," ते म्हणाले. "बी.ए. बी मोरीत. चल."

मी पँट सांभाळत खाली उतरलो. मोरीच्या तोंडाशी वळून पाहिलं तर नाना काकीला आणायला वाडीकडे गेले होते. जरा वेळाने ते उतारावरून येताना दिसले. दोन्ही हात पाठीमागे तिला आवळून धरायला गुंतलेले, म्हणून बावटा काकीच्या हातात होता. ती तो त्यांच्या डोक्यावरून उंच धरून, जोरजोरात हलवत, मागे राहिलेल्यांना शिव्या घालत येत होती. नाना खाली बघून खड्डे चुकवत होते.

नाना खाण बंद व्हायच्या आधी गेले, काकी त्यांच्यानंतर. बावटा खाणीवर राहिला. रस्ता पुरा झाला, खाण बंद झाली. भाऱ्यांचा तो बार उडाला तेव्हापासून खाण बंद होईपर्यंत आमच्या वाडीतल्या एकाही माणसाला दगड लागला नाही.